फळ्यावरील कोष्टक आणि ताळ्याची विद्या



आपल्या जुन्या शाळांतून गणित शिकविणारे गुरुजी केवळ उत्तर आलें म्हणून विद्यार्थ्यास सोडीत नसत. उत्तराखालीं दोन रेघा ओढल्या कीं ते विचारीत, "ताळा पाहिलास का?" बेरीज वरून खालीं केली असेल तर ती खालून वर करून पाहावयाची, भागाकार केला असेल तर आलेल्या उत्तरास भाजकानें गुणून त्यांत बाकी मिळवावयाची, आणि मूळची संख्या परत हातीं आली म्हणजे मगच पाटी पुढें करावयाची, असा तो शिरस्ता होता. व्यापाऱ्याच्या वर्षअखेरच्या हिशेबास आपल्या भाषेनें जें नांव दिलें, त्यांतहि हाच शब्द येऊन बसला आहे: ताळेबंद. हिशेब करणें हें अर्धें काम आणि तो पडताळून पाहणें हें उरलेलें अर्धें, ही जाणीव त्या एका शब्दांत सांठविलेली आहे.

या शब्दानें आरंभ करण्याचें कारण असें कीं, आज मला ज्या विद्येचा इतिहास आपणांपुढें ठेवावयाचा आहे, ती हिशेब करण्यांत फार पुढें गेली आणि ताळा पाहण्यांत मात्र मागें राहिली. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांस माहिती-तंत्रज्ञान, व त्यांतहि विशेषेंकरून स्प्रेडशीट, शिकविण्याची ही विद्या. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं एखादा मुलगा अथवा मुलगी बी. कॉम. किंवा एम्. बी. ए. च्या वर्गांत असेल, आणि "मला एक्सेल येतें" हें वाक्य आपण त्यांच्या तोंडून ऐकलें असेल. हें "येतें" म्हणजे नक्की काय येतें, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाहीं. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं आपणांस अमेरिकेंतील एका वर्गांत जावें लागेल. कारण हें साधन कोणा कारखान्यांत अथवा प्रयोगशाळेंत सुचलें नसून, व्यापार शिकविणाऱ्या एका वर्गांतच सुचलें आहे.

तत्पूर्वी थोडी पूर्वपीठिका पाहूं. १४९४ सालीं व्हेनिस येथें लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशानें आपल्या गणितग्रंथांत द्विनोंदी जमाखर्चाचें प्रकरण छापलें. त्या पद्धतीचें सारें सामर्थ्य एका ताळ्यांत आहे. प्रत्येक व्यवहार दोनदां लिहावयाचा, एकदां नांवें व एकदां जमा. म्हणजे शेवटीं दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्याच पाहिजेत. त्या जुळल्या नाहींत तर कोठें तरी चूक आहे, हें वही स्वतःच सांगते. मुंबईस १९१३ सालीं सिडनहॅम महाविद्यालय निघालें. तेथें आणि पुढें ठिकठिकाणीं निघालेल्या वाणिज्य महाविद्यालयांतून हीच पद्धति शिकविली गेली. पाश्चात्य देशांतील मोठ्या कचेऱ्यांत हिशेबनीस अनेक रकान्यांचे लांबरुंद कागद टेबलावर पसरून त्यांवर पेन्सिलीनें आंकडे मांडीत. "स्प्रेडशीट" हें नांव मूळचें त्या पसरलेल्या कागदाचें. यंत्रानें तें पुढें उसनें घेतलें.

असें कोष्टक संगणकावर मांडतां येईल, हा विचार प्रथम एका हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकानें मांडला. मूळचे ऑस्ट्रियन असलेले रिचर्ड मॅटेसिच हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत शिकवीत असतां, १९६१ सालीं त्यांनीं अंदाजपत्रकाच्या संगणकीय मांडणीवर लेख लिहिला, आणि १९६४ सालीं त्यासाठीं तयार केलेला कार्यक्रमहि ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. परंतु त्या काळचा संगणक म्हणजे एक दालन भरून राहणारें प्रचंड यंत्र. सामान्य विद्यार्थ्याचा हात त्यास सहसा लागत नसे. त्यामुळें हा विचार विद्वानांतच राहिला, आणि वर्गांत पूर्वींप्रमाणेंच खडू, फळा व पुसणें यांचें राज्य चालू राहिलें.

आतां आपण त्या वर्गांत येऊं. १९७८ सालचा वसंत ऋतु होता. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्यें डॅनियल ब्रिकलिन नांवाचा एक विद्यार्थी शिकत होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेचा तो पदवीधर. कांहीं वर्षें संगणकाच्या धंद्यांत नोकरी करून मग व्यापार शिकावयास आलेला. फळ्यावर अध्यापक रकाने आंखून हिशेबाचें कोष्टक मांडीत. त्यांतील एखादा आंकडा चुकला, किंवा गृहीत धरलेली एखादी गोष्ट बदलली, कीं त्यावर अवलंबून असणारे सगळे आंकडे एकामागून एक पुसून पुन्हां लिहावे लागत. आपणांपैकीं ज्यांनीं शिक्षकाचा पेशा केला आहे, त्यांस हा त्रास सांगावयास नको. ब्रिकलिनच्या मनांत आलें कीं, एक आंकडा बदलतांच बाकीचे आंकडे आपोआप बदलून घेणारा फळा कां असूं नये? लढाऊ विमानाच्या वैमानिकास डोळ्यांपुढें अधांतरीं आंकडे दिसतात, तसे आंकडे आपल्यापुढें दिसत आहेत आणि हातांतील साधनानें आपण त्यांवर फिरत आहोंत, असें चित्र तो वर्गांत बसून रंगवीत असे. ज्या खोलींत हें घडलें त्या ऑल्ड्रिच हॉलच्या १०८ क्रमांकाच्या वर्गांत पुढें या घटनेचा स्मृतिफलक लावण्यांत आला.

कल्पना पुष्कळांस सुचतात. ती तडीस नेणारा सोबती मिळावा लागतो. ब्रिकलिनला तो रॉबर्ट फ्रँकस्टन या जुन्या मित्राच्या रूपानें मिळाला. डॅनियल फिल्स्ट्रा या प्रकाशकानें ॲपल कंपनीचा एक लहान संगणक शनिवार-रविवारपुरता उसना दिला, आणि त्यावर ब्रिकलिननें पहिला नमुना तयार केला. पुढें १९७८-७९ च्या हिंवाळ्यांत फ्रँकस्टननें आर्लिंग्टन गांवीं माळ्यावरच्या खोलींत बसून खरा कार्यक्रम लिहिला. मोठ्या संगणकाचा वेळ भाड्यानें घ्यावा लागे व तो रात्रीं स्वस्त पडे, म्हणून काम रात्रींचें. याच सुमारास, कार्यक्रम बाजारांत येण्यापूर्वीच, ब्रिकलिननें त्याची कच्ची आवृत्ति आपल्या अभ्यासासाठीं वापरली. पेप्सी-कोला कंपनीविषयींचा एक प्रश्न वर्गास दिलेला होता. त्यासाठीं त्यानें पांच वर्षांचे अंदाज मांडून दाखविले. हातानें तितकें काम एका रात्रींत होणें कठीणच होतें. १९७९ च्या ऑक्टोबरमध्यें "व्हिझिकॅल्क" या नांवानें तो कार्यक्रम सुमारें १०० डॉलरांस विक्रीस आला. त्यांत ६३ रकाने व २५४ ओळी होत्या. तो चालवितां यावा एवढ्याचसाठीं लोक संगणक विकत घेऊं लागले.

त्या दोघा मित्रांनीं या शोधाचें पेटंट घेतलें नाहीं. १९८३ च्या जानेवारींत मिच केपॉर यांच्या कंपनीचें "लोटस १-२-३" निघालें व त्यानें बाजार काबीज केला. १९८५ सालीं ब्रिकलिन-फ्रँकस्टन यांची कंपनीच लोटसनें विकत घेतली. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टचें "एक्सेल" प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठीं, आणि १९८७ सालीं विंडोजसाठीं आलें. आज आपल्या मुलांच्या हातांत आहे तें याच वंशांतील. नांवें बदललीं, रकाने वाढले. पण आंतील रचना तीच राहिली. आडव्या ओळी व उभे रकाने यांनीं झालेलीं घरें, प्रत्येक घरास एक पत्ता, आणि प्रत्येक घरांत एक तर संख्या, नाहीं तर इतर घरांच्या पत्त्यांवरून उत्तर काढणारें सूत्र.

या रचनेनें व्यापारशिक्षणाची रीतच पालटली. पूर्वीं एक अंदाजपत्रक मांडावयास विद्यार्थ्याचा दिवस जाई. म्हणून तो एकच मांडी. आतां "असें झालें तर?" हा प्रश्न फुकट झाला. कच्च्या मालाचा भाव शेंकडा दहानें वाढला तर? उधारी दोन महिने थकली तर? व्याजाचा दर उतरला तर? एक संख्या बदलावी आणि नफातोट्यावर होणारा परिणाम डोळ्यांपुढें उभा राहावा. धंद्याकडे कारणें व परिणाम यांचें एक जाळें म्हणून पाहावयास या कोष्टकानें शिकविलें, आणि हा लाभ लहान नाहीं. परंतु स्टीव्हन लेव्ही या अमेरिकन लेखकानें १९८४ सालींच "हार्पर्स" मासिकांतील आपल्या लेखांत एक शंका उपस्थित केली होती. नीटनेटक्या रकान्यांत बसविलेला आंकडा लोकांना सत्यच वाटूं लागतो. त्याच्या मागचें गृहीत मात्र कोणी विचारीत नाहीं.

आपल्याकडेहि ही विद्या वेगानें पसरली. महाराष्ट्रांत २००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एम्. एस्.-सी. आय्. टी. या अभ्यासक्रमानें संगणकाचें पहिलें शिक्षण गांवोगांव नेलें, व अनेक सरकारी नोकऱ्यांच्या अर्जांस त्याचें प्रमाणपत्र लागूं लागलें. ज्यानें कळफलकास कधीं हात लावला नव्हता, त्यास बेरजेचें सूत्र लिहितां येऊं लागलें. हें काम मोठें आहे. परंतु जो विद्यार्थी उद्यां दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब करणार, त्याचें शिक्षण या पहिल्या पायरीवर थांबून चालणार नाहीं. बटण कोठें आहे हें त्यास कळलें. आंकडा चुकला आहे हें कसें ओळखावें, तें कळावयाचें राहिलें.

ही भीति कल्पित नाहीं. १९८७ सालीं ब्राउन व गूल्ड या संशोधकांनीं आय्. बी. एम्. कंपनींत एक प्रयोग करून पाहिला. स्प्रेडशीट वापरण्यांत मुरलेल्या ९ जणांस त्यांनीं प्रत्येकीं ३ कोष्टकें करावयास दिलीं. या २७ कोष्टकांपैकीं शेंकडा ४४ कोष्टकांत चुका निघाल्या. आणि करणारांस मात्र आपलें काम बरोबर असल्याची चांगलीच खात्री वाटत होती. नवख्यांची गोष्ट सोडा, सरावलेल्यांची ही स्थिति.

चुका होतात कशा, तें एका घरगुती उदाहरणानें सांगतों. समजा, आपण महिन्याच्या खर्चाचें कोष्टक केलें: घरभाडें, वाणसामान, दूध, वीज, शाळेची फी. खालीं बेरजेचें सूत्र दिलें. पुढें औषधांचा खर्च निघाला, म्हणून त्याची ओळ फीच्या खालीं लिहिली. सूत्रांत मात्र "फीपर्यंत" इतकेंच लिहिलेलें राहिलें. कोष्टक सुरेख दिसतें, बेरीज ठळक अक्षरांत येते, आणि औषधांचे पैसे तिच्यांत नसतात. दुसरी चूक याहून गुप्त. विक्रीच्या यादींतील पहिल्या मालावर कर काढण्याचें सूत्र लिहिलें व तेंच खालच्या सर्व ओळींत उतरविलें. सूत्र खालीं उतरलें कीं त्यांतील पत्तेहि एकेक घर खालीं सरकतात. मालाच्या किंमतीचा पत्ता सरकला तें योग्यच झालें. पण कराचा दर एकाच घरांत लिहिलेला आहे. त्याचा पत्ता डॉलरच्या चिन्हानें बांधून ठेवला नसेल, तर दुसऱ्या ओळीचें सूत्र दराऐवजीं त्याखालचें रिकामें घर वाचतें. रिकामें घर म्हणजे यंत्राच्या लेखीं शून्य. यंत्र तक्रार करीत नाहीं. जें सांगितलें तें तें बिनचूक करतें. पाचोलीच्या वहींत चूक झाली तर दोन बाजू जुळत नसत. या नव्या वहींत दुसरी बाजूच नाहीं; ती ज्याची त्यानें उभी करावी लागते.

मोठमोठ्या ठिकाणीं याचें काय होतें, तेंहि पाहा. २०१२ सालीं जे. पी. मॉर्गन या अमेरिकन बँकेस लंडनमधील व्यवहारांत ६ अब्ज डॉलरांहून अधिक तोटा आला. त्याचीं कारणें अनेक होतीं. पण बँकेच्या स्वतःच्या चौकशींत असेंहि आढळलें कीं, जोखीम मोजण्याच्या कोष्टकांत दोन दरांच्या सरासरीनें भागावयाचें तें त्यांच्या बेरजेनें भागलें गेलें, आणि त्यामुळें जोखीम प्रत्यक्षाहून कमी दिसली. २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत इंग्लंडच्या आरोग्यखात्याच्या आंकड्यांतून २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळांतील १५,८४१ रुग्ण गळाले. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलींत ६५,५३६ ओळींहून अधिक ओळी मावत नाहींत. त्यापुढील नोंदी निमूटपणें नाहींशा झाल्या. त्या रुग्णांच्या संपर्कांत आलेल्या माणसांस सूचना देण्यास तितकाच विलंब लागला.

आतां शेवटची हकीकत, आणि ती पुन्हां एका वर्गांतीलच आहे. २०१० सालीं कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या प्रगत देशांचें सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा ९० हून अधिक होतें, त्यांच्या वाढीचा सरासरी वेग शून्याखालीं, म्हणजे उणे ०.१ इतका जातो, असें त्यांत दाखविलें होतें. युरोप-अमेरिकेंतील पुढाऱ्यांनीं सरकारी खर्चांत काटछांट करण्याच्या समर्थनार्थ या आंकड्याचा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेंत थॉमस हर्नडन नांवाचा एक विद्यार्थी डॉक्टरेटचा अभ्यास करीत होता. वर्गास एक काम नेमून दिलेलें होतें: एखादा प्रसिद्ध निबंध निवडावा, आणि त्यांतील हिशेब स्वतः करून तेंच उत्तर येतें का तें पाहावें. आपल्या जुन्या गुरुजींच्या भाषेंत सांगावयाचें तर, ताळा पाहावा. हर्नडननें हा निबंध निवडला. उत्तर कांहीं केल्या जुळेना. त्यानें ग्रंथकर्त्यांस पत्र लिहिलें, व त्यांनींहि मोकळेपणानें आपलें मूळ कोष्टक धाडून दिलें. तें उघडून पाहतां सरासरीचें सूत्र ३० व्या ओळीपासून ४४ व्या ओळीपर्यंतच जात होतें. देशांची यादी मात्र ४९ व्या ओळीपर्यंत होती. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पांच देश बेरजेबाहेर राहिले होते. आपल्या घरखर्चाच्या कोष्टकांत औषधें राहिलीं, त्याच जातीची ही चूक.

२०१३ सालीं हर्नडन व त्याचे प्राध्यापक मायकेल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन यांनीं आपली तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्या हिशेबानें उणे ०.१ च्या जागीं २.२ हा आंकडा आला. न्यायाची गोष्ट सांगावयाची तर, या फरकांत सूत्राच्या चुकीचा वांटा लहान होता. कांहीं वर्षांचे आंकडे वगळणें व देशांस महत्त्व देण्याची रीत, यांचा वांटा मोठा होता. मूळ ग्रंथकर्त्यांनीं सूत्राची चूक मान्य केली; मोठ्या कर्जाबरोबर वाढीचा वेग मंदावतो हें आपलें मत मात्र त्यांनीं सोडलें नाहीं. तो वाद अर्थशास्त्रज्ञांनीं खुशाल चालवावा. आपणांस घ्यावयाचा बोध त्या वादाबाहेरचा आहे. ते दोघेहि विद्वान हार्वर्ड विद्यापीठाशीं संबंध असलेले, आणि त्याच विद्यापीठाच्या एका वर्गांत पस्तीस वर्षांपूर्वीं स्प्रेडशीटची कल्पना जन्मली होती. एका विद्यार्थ्यानें फळा पुसण्याचे कष्ट वांचविले; दुसऱ्यानें, ते कष्ट वांचल्यावर काय करावयाचें उरतें, तें दाखवून दिलें.

तर वाणिज्याच्या विद्यार्थ्यास काय शिकवावें? माझ्या अल्प मतीप्रमाणें चार गोष्टी. पहिली, गृहीतें वेगळ्या घरांत उघड लिहावीं. कराचा अथवा व्याजाचा दर सूत्राच्या पोटांत लपवूं नये. दुसरी, जेथें शक्य तेथें बेरीज आडवी व उभी दोन्ही करून त्या जुळतात का तें दुसऱ्या घरांत तपासावें; म्हणजे पाचोलीची हरवलेली दुसरी बाजू परत उभी राहते. तिसरी, यंत्रास विचारण्यापूर्वीं उत्तराचा तोंडी अंदाज बांधावा. लाखाच्या घरांतील उत्तर हजारांत आलें तर मन तात्काळ दचकलें पाहिजे. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: आपलें कोष्टक दुसऱ्याच्या हातीं तपासावयास द्यावें, व दुसऱ्याचें आपण तपासावें. परीक्षेंत नवें कोष्टक करावयास सांगण्याबरोबरच, मुद्दाम चुका पेरलेलें एक कोष्टक द्यावें आणि त्या शोधण्यास गुण ठेवावेत.

यावर कोणी म्हणेल कीं, इतका वेळ आहे कोणास? शिवाय आतां तर सूत्र लिहिण्याचें कामहि यंत्रास साध्या भाषेंत सांगून करवून घेतां येतें. मला वाटतें, म्हणूनच ही गरज वाढली. ज्यानें सूत्र स्वतः लिहिलें त्यास निदान तें काय करतें हें ठाऊक असे. ज्यास तें आयतें मिळालें, त्यास तें वाचतां आलें नाहीं तर तो नुसता सही करणारा ठरेल. आणि हिशेबाखालीं ज्याची सही, जबाबदारी त्याची.

तेव्हां पुढच्या वेळीं घरांतील मुलगा किंवा मुलगी "मला एक्सेल येतें" असें म्हणेल, तेव्हां त्याचें कौतुक अवश्य करावें. मग घरखर्चाचें कोष्टक त्याच्याकडून करवून घ्यावें, आणि बेरीज पुढें आली म्हणजे जुन्या गुरुजींचा तोच प्रश्न विचारावा, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.